१२ किलोमीटरचा एल-सेक्शन छापायचा कसा? ऑटोकॅडपासून पीडीएफपर्यंत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नळ पाणीपुरवठा योजनेच्या १२ किलोमीटर लांबीच्या मुख्य जलवाहिनीचा एल-सेक्शन, म्हणजे लांबीच्या दिशेने घेतलेला उभा छेद, तुम्ही ऑटोकॅडमध्ये काढला आहे. आडवे प्रमाण १:२०००, उभे १:२००. सगळे काम मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे मूळ ड्रॉइंग काढायच्या जागेत, एकसलग आहे. ‘फिट टू पेपर’ करून तुम्ही ए० आकाराची पीडीएफ काढली, दुकानातून प्रिंट घेतली आणि तपासणाऱ्या साहेबांनी स्केलपट्टी लावून ती परत पाठवली. अक्षरे वाचता येत नाहीत, काही रेघा पिवळ्या उमटल्या आहेत आणि उपग्रहचित्रावर काढलेल्या की-प्लॅनची (संपूर्ण मार्गाच्या एकत्रित नकाशाची) पीडीएफ १९० एमबीची झाल्यामुळे ती दुकानातल्या संगणकावर उघडतच नाही. यावर तुम्ही विचारता की चांगला कन्व्हर्टर कोणता.

कन्व्हर्टर बदलून यातले काहीही सुटणार नाही. ड्रॉइंगची पीडीएफ करणे म्हणजे प्लॉट काढणेच आहे, फरक एवढाच की कागदाऐवजी फाइल मिळते. कागद किती मोठा, प्रमाण काय, कोणती रेघ किती जाड, या गोष्टी प्लॉट देण्याआधी ठरलेल्या असाव्या लागतात, आणि ऑनलाइन कन्व्हर्टरला त्या ठाऊक असण्याचे कारण नाही. तुमची पेन-टेबलची (कोणत्या रंगाची रेघ कोणत्या शाईने आणि किती जाड छापायची त्या तक्त्याची) फाइल, तुमचे फॉन्ट, बाहेरून जोडलेली सर्वेक्षणाची ड्रॉइंग हे सर्व तुमच्याच संगणकावर राहते आणि कन्व्हर्टर आपल्या अंदाजाने जागा भरतो. शिवाय सरकारी योजनेची ड्रॉइंग अनोळखी संकेतस्थळावर चढवणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. आपल्या संगणकावर ऑटोकॅड नसेल तर ऑटोडेस्कचाच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात ड्रॉइंग संपादित करता येत नाही, पण प्लॉट काढता येतो.

पुढचे सांगण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करतो. प्रिंटवर कोणी पट्टी लावणार आहे की ती केवळ निविदेच्या पुस्तिकेत जाणार आहे, दुकानातल्या प्लॉटरचा रोल २४ इंची आहे की ३६ इंची, आणि कार्यालयाला सुट्या शीट हव्या आहेत की घडीची लांब पट्टी, यांवर उत्तर बदलते. तुमची प्रिंट पट्टी लावूनच परत आली असल्याने प्रमाण सांभाळणे हेच पहिले काम धरून मी लिहितो. नावे ऑटोकॅडमधली वापरतो. ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅडवर काम करणाऱ्यांनाही ती ओळखीची वाटतील.

आधी तुमच्या प्रिंटचे काय झाले ते पाहा. ए० कागदाची लांब बाजू ११८९ मिलिमीटर. चौकट सोडून ११५० उरतात असे धरले, तर त्यात १२,००० मीटर बसवताना प्रमाण साधारण १:१०,४०० होते. तुम्ही १:२००० साठी अडीच मिलिमीटरचे काढलेले अक्षर मग अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली जाते. टायटल ब्लॉकमध्ये मात्र १:२००० हेच लिहिलेले राहते. साहेबांनी शीट परत पाठवली यात त्यांचे काहीच चुकले नाही.

१:२००० ला या जलवाहिनीला खरोखर लागणारा कागद ६ मीटर लांबीचा आहे. येथे पीडीएफची एक मर्यादाही आडवी येते. पीडीएफमध्ये पान पॉइंटमध्ये मोजतात, ७२ पॉइंटचा एक इंच, आणि पानाची बाजू नेहमीच्या पद्धतीत १४,४०० पॉइंटच्या पुढे जात नाही, म्हणजे २०० इंच किंवा ५.०८ मीटर. १.६ या आवृत्तीपासून मोठे एकक वापरण्याची सोय आली आहे, पण पाहणारा आणि छापणारा प्रत्येक प्रोग्राम ती पाळेल यावर मी विसंबत नाही. त्यामुळे सहा मीटरची एकच पीडीएफ काढण्याचा विचार सोडून द्या आणि एल-सेक्शनचे तुकडे करा.

तुकडा किती मोठा घ्यायचा हे घाईने ठरवू नका. दीड किलोमीटरच्या ८ शीट हा हिशोब सोपा दिसतो, कारण दीड किलोमीटर म्हणजे कागदावर ७५० मिलिमीटर आणि ए१ ची लांबी ८४१. पण डावीकडे फाइलिंगसाठी २५ आणि उजवीकडे १० मिलिमीटर सोडले की ८०६ उरतात. खालच्या तक्त्यात ‘चेनेज’ (सुरुवातीपासूनचे अंतर), ‘भूपातळी’, ‘इन्व्हर्ट’ (नळाच्या आतल्या तळाची पातळी), ‘खोली’ या मथळ्यांच्या रकान्याला ६० मिलिमीटर जातात. मॅचलाइनच्या, म्हणजे शेजारच्या दोन शीट जुळतात त्या रेघेच्या, दोन्ही बाजूंना निदान ५० मीटरचा भाग पुन्हा दाखवावा लागतो, त्याचे आणखी ५० मिलिमीटर. उजवीकडचा टायटल ब्लॉक तर अजून मोजलेलाच नाही. म्हणून मी १.२ किलोमीटरच्या १० शीट करीन: ६०० अधिक ५० अधिक ६०, म्हणजे ७१०, आणि उरलेल्या ९६ मिलिमीटरमध्ये उभा टायटल ब्लॉक आरामात बसतो. दोन शीट वाढल्याचा खर्च किरकोळ आहे. कोंबलेल्या शीटवर जागेवरचा पर्यवेक्षक भर उन्हात चेनेज शोधत बसतो तो वेळ किरकोळ नाही.

आता लेआउट, म्हणजे छापायच्या कागदाचे पान, तयार करा. एका शीटचा लेआउट पूर्ण नीट झाल्यावर त्याच्याच नकला काढायच्या. व्ह्यूपोर्टचे (लेआउटवरून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचे) प्रमाण देताना जी चूक होते ती मी नव्या मुलांकडून दरवर्षी पाहतो. तुमचा एल-सेक्शन मीटरमध्ये आहे, म्हणजे एक युनिट एक मीटर; लेआउट मात्र मिलिमीटरमध्ये असतो. यादीतून १:२००० निवडले की प्रोग्राम एका मिलिमीटरला २००० युनिट, म्हणजे २००० मीटर धरतो आणि १२ किलोमीटरची जलवाहिनी कागदावर ६ मिलिमीटरची होते. मुलगा सांगतो, ‘सर, व्ह्यूपोर्ट कोराच येतोय.’ तो कोरा नसतो, मध्ये कुठेतरी ठिपक्याएवढी ड्रॉइंग असते. १:२००० ला एका मिलिमीटरमध्ये २ मीटर मावले पाहिजेत, म्हणून योग्य मूल्य १:२, किंवा झूमच्या भाषेत ०.५ एक्सपी. दर वेळी हा हिशोब करण्यापेक्षा प्रमाणांच्या यादीत ‘१:२००० मीटर’ असे स्वतंत्र नाव घालून ठेवा: कागदाचे १ युनिट, ड्रॉइंगची २. बांधकामाची आरसीसी ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतात आणि त्यांना यादीतले प्रमाण जसेच्या तसे चालते. एकाच कार्यालयात दोन्ही प्रकार असले की हा गोंधळ हमखास होतो.

उभे प्रमाण १:२०० असल्याने तुम्ही मॉडेलमध्ये उंची दहापट करून काढली असणार, ते बरोबरच आहे. पण शीट पाडताना तेथे एक अडचण येते, आणि एल-सेक्शनच्या बहुतेक पीडीएफ येथेच फसतात. जमीन चढत गेली की प्रोफाइल (जमीन आणि नळाच्या रेघा) वर वर जाते आणि तक्ता खाली राहतो. १:२०० ला ८० मीटरचा चढ कागदावर ४०० मिलिमीटर खातो, त्यामुळे शेवटच्या शीटांवर तक्ता आणि प्रोफाइल यांच्यामध्ये वीतभर रिकामी जागा पडते किंवा प्रोफाइल चौकटीबाहेर जाते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक शीटवर दोन व्ह्यूपोर्ट ठेवा: वरच्यात फक्त प्रोफाइल, खालच्यात फक्त तक्ता. दोन्हींचे प्रमाण ०.५ एक्सपी. ‘एमव्हीसेटअप’ आज्ञेतील अलाइन या पर्यायाने एकाच चेनेजचा बिंदू दोन्हींत उभ्या ओळीत आणा आणि मग वरचा व्ह्यूपोर्ट केवळ वर-खाली सरकवून प्रोफाइल तक्त्याच्या जवळ घ्या. त्या शीटचा डेटम (उंची मोजण्याची आधारपातळी) बदलला असेल तर नवा डेटम आकड्यासह तेथे ठळक लिहा. नंतर दोन्ही व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक न केलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये माउसचे चाक एकदा चुकून फिरले की प्रमाण गेले, आणि ते गेल्याचे डोळ्यांना कळतही नाही. व्ह्यूपोर्टच्या चौकटी न छापणाऱ्या लेअरवर टाका.

पेज सेटअपमध्ये ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ हा प्लॉटर, ‘आयएसओ फुल ब्लीड ए१’ हा कागद, ‘लेआउट’ हे क्षेत्र आणि १:१ हे प्रमाण निवडा. प्रमाणाचे सर्व काम व्ह्यूपोर्टने केलेले आहे, त्यामुळे येथे १:१ शिवाय दुसरे काही येता कामा नये. फुल ब्लीड यासाठी की पीडीएफचे पान नेमके ८४१ गुणिले ५९४ निघावे आणि कडेचे समास प्रोग्रामने स्वतःहून कापू नयेत. आपली चौकट आत घेतलेली असल्याने प्लॉटरला कडेपर्यंत शाई नेता आली नाही तरी बिघडत नाही. ए१ ची ५९४ मिलिमीटरची बाजू २४ इंची, म्हणजे ६१० मिलिमीटरच्या रोलवर बसते आणि ए० ची ८४१ ची बाजू ३६ इंची, म्हणजे ९१४ मिलिमीटरच्या रोलवर. गावातल्या दुकानात २४ इंचीच यंत्र असेल तर ए० मागून उपयोग नाही, हे आधी विचारून घ्या. कार्यालयाने घडीची पट्टीच मागितली, तर प्लॉटरच्या गुणधर्मांत ५९४ मिलिमीटर रुंदीचा स्वतंत्र कागद तयार करून त्यावर एकसलग लांब तुकडा घेता येतो. अशा दोन पट्ट्यांत तुमचे १२ किलोमीटर प्रत्येकी तीन मीटरमध्ये बसतील, मथळे आणि मॅचलाइन यांची जागा वेगळी. पण तेवढी लांब प्रिंट दुकानदाराचे यंत्र आणि प्रोग्राम घेतो की नाही, हे त्याच्याकडे कोरी तीन मीटरची पीडीएफ पाठवून तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पिवळ्या रेघांचे कारण पेन-टेबल. सीटीबी फाइलमध्ये २५५ रंगांपैकी प्रत्येकाला शाईचा रंग आणि जाडी दिलेली असते. ‘मोनोक्रोम’ निवडले की सगळे काळे होते, अशी सर्वांची समजूत आहे आणि ती बहुतांशी खरीही आहे. मात्र ज्या वस्तूंना ट्रू-कलर (क्रमांकाऐवजी लाल-हिरवा-निळा यांच्या मिश्रणाने ठरवलेला रंग) दिलेला असतो त्यांना सीटीबी हातच लावत नाही. सर्वेक्षणाच्या किंवा इतर प्रोग्राममधून आलेल्या ड्रॉइंगमध्ये असे रंग भरपूर असतात, तुमच्या पिवळ्या रेघा बहुधा त्यांपैकीच आहेत. ‘सेटबायलेअर’ आज्ञेने वस्तूंचे रंग लेअरकडे द्या आणि लेअरलाच ट्रू-कलर असेल तर तो साध्या क्रमांकाच्या रंगात बदला. दुकानदार कृष्णधवल आणि रंगीत यांचे दर वेगळे लावतो. काळ्या शीटवर एखादी रंगीत रेघ राहिल्यामुळे संपूर्ण गठ्ठ्याला रंगीत दर लागल्याचा अनुभव मी स्वतःच्या खिशातून घेतला आहे.

जाडी ठरवताना ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ या जुन्या शाईपेनांच्या मालिकेबाहेर जाऊ नका. यात प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड आहे आणि ए मालिकेतला प्रत्येक कागदही पुढच्यापेक्षा तेवढ्याच पटीने लांब. म्हणून ए१ ची ए२ केली की प्रत्येक रेघ नेमकी एक पेन खाली उतरते आणि ड्रॉइंगचा तोल टिकतो. पुस्तिकेसाठी ए३ मागतात तेव्हा लांबी निम्मी होते: ०.५ ची जलवाहिनी ०.२५ ची होते, ते चालते; पण भूपातळीची ०.१८ ची रेघ ०.०९ वर येते आणि अडीच मिलिमीटरचे अक्षर सव्वा मिलिमीटरचे होते. ए३ मागितली जाणार हे ठाऊक असेल तर तक्त्यातली अक्षरे आधीच साडेतीन मिलिमीटरची घ्या, आणि अर्ध्या आकाराच्या प्रिंटवर प्रमाण १:४००० झाले आहे हे लिहायला विसरू नका. रेघांची जाडी पडद्यावर पाहून ठरवू नका. अॅक्रोबॅट रीडरमध्ये बारीक रेघा ठळक दाखवण्याची सोय असते आणि तीमुळे सगळ्याच बारीक रेघा सारख्या दिसतात.

आता १९० एमबीची फाइल. रेघांच्या शुद्ध व्हेक्टर ड्रॉइंगची पीडीएफ सहसा इतकी मोठी होत नाही. तुमच्या फाइलमध्ये मोठे चित्र आहे, आणि मला शंका आहे की प्लॉटच्या चौकटीत ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’वर खूणही आहे. ती खूण असली की पारदर्शक भाग दाखवण्यासाठी ड्रॉइंगचे ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर होते. ठिपक्यांचा हिशोब करून पाहा: ए० कागद ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) भरायला सुमारे १४ कोटी ठिपके लागतात आणि प्रत्येकी तीन बाइट धरले तर आकुंचनाआधीच ४०० एमबीच्या पुढे मजल जाते. म्हणून ती खूण काढा. चित्र फिके हवे असेल तर ‘इमेजअॅडजस्ट’मध्ये फेड वाढवा, एखादे क्षेत्र फिके भरायचे असेल तर भरीव हॅच (क्षेत्र भरणारा नमुना) घेऊन सीटीबीमध्ये त्या रंगाचे स्क्रीनिंग (शाईचा गडदपणा) ३० टक्क्यांवर आणा. मूळ उपग्रहचित्र छापील आकाराला २०० डीपीआय पुरेल एवढेच ठेवा. ए१ साठी ते साधारण ६६०० गुणिले ४७०० ठिपक्यांचे होते. ऑटोकॅडमध्ये चित्र क्लिप केल्याने मूळ चित्राची फाइल लहान होत नाही, त्यासाठी चित्राच्या प्रोग्राममध्येच ते कापावे लागते. हे करूनही पीडीएफ फुगलेली राहिली तर दाट हॅच शोधा. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरच्या प्रमाणाने भरलेला हॅच लाखो रेघा ओढतो आणि दिसतो मात्र काळ्या डागासारखा.

गावांची नावे तुम्ही मराठीत लिहिली असतील तर ती वेगळी तपासा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ड्रॉइंग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यांत संगणकाला दिसतात ती रोमन अक्षरे, केवळ त्यांचे चेहरे देवनागरी असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ड्रॉइंग उघडली की ‘मौजे’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी येते आणि त्या संगणकावरून काढलेल्या पीडीएफमध्येही तीच उतरते. पीडीएफ नेहमी फॉन्ट असलेल्याच संगणकावर काढा आणि फॉन्ट पीडीएफमध्ये सामावून घेण्याचा पर्याय चालू ठेवा. तरीही दुकानात अक्षरे बिघडली, तर सर्व मजकूर आकृतीच्या रूपात बदलण्याचा पर्याय आहे. मग फाइल वाढते आणि मजकूर शोधता येत नाही, पण अक्षर हलत नाही. नव्या कामात युनिकोड फॉन्टच वापरा.

प्लॉट देण्याआधी बाह्य संदर्भांची यादी उघडून पाहा. एखादी एक्सरेफ (बाहेरून जोडलेली ड्रॉइंग) सापडत नसेल तर तिच्या जागी फाइलचा पत्ता तेवढा छापून येतो, आणि कॉन्टूरच्या (समउंचीच्या रेघांच्या) जागी असा पत्ता छापलेली शीट मी एकदा बैठकीत सर्वांसमोर उलगडली आहे. सर्व लेआउट ‘पब्लिश’ने एकदम काढा. लेअरची माहिती पीडीएफमध्ये घालण्याचा पर्याय बंद करा, नाहीतर पाहणाऱ्याला लेअर लपवता येतात. ए१ च्या शीट एका पीडीएफमध्ये आणि ए३ च्या दुसरीत ठेवा. मिश्र आकारांची फाइल दुकानात एकाच कागदावर ‘फिट’ होऊन बाहेर पडते.

हे ‘फिट’ तुमचे सगळे श्रम शेवटच्या पायरीवर वाया घालवू शकते. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघायची तेव्हा ट्रेसिंग आणि कागद एकमेकांना चिकटून यंत्रातून जात, त्यामुळे प्रमाण बिघडायला वावच नव्हता. आता पीडीएफ छापताना ‘अॅक्चुअल साइझ’ऐवजी ‘फिट’ राहिले की प्लॉटर कडेचे समास सोडण्यासाठी ड्रॉइंग थोडी आकसतो. चारही बाजूंना ५ मिलिमीटर सुटले तरी १०० मिलिमीटरची रेघ ९८ च्या आसपास भरते. नुसत्या नजरेला हे दिसत नाही, पण १:२००० वर १.२ किलोमीटरमागे २० मीटरच्या वर फरक पडतो. यासाठी मी टायटल ब्लॉकच्या कोपऱ्यात काटकोनात दोन रेघा काढून ठेवतो, एक आडवी आणि एक उभी, प्रत्येकी नेमकी १०० मिलिमीटरची, आणि शेजारी लिहितो: ‘ही रेघ १०० मिमी भरत नसल्यास प्रिंटवरून मोजमाप घेऊ नये.’ दोन दिशांना दोन रेघा यासाठी की रोल ओढण्याच्या दिशेने आणि त्याला आडव्या दिशेने यंत्राची चूक वेगवेगळी असू शकते.

दहाही शीट एकदम छापू नका. तिसरी किंवा चौथी, सर्वांत भरलेली शीट एकटी छापून घ्या, पोलादी पट्टी सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही रेघा मोजा. दोन्ही बरोबर भरल्या की मॅचलाइनचे चेनेज शेजारच्या शीटच्या पीडीएफशी ताडून पाहा आणि मगच उरलेल्या नऊ सोडा. की-प्लॅनबद्दल मला अजून दोन गोष्टी हव्यात: उपग्रहचित्राची फाइल किती ठिपक्यांची आहे आणि साहेबांनी की-प्लॅनला कोणते प्रमाण मागितले आहे. ते कळवलेत तर चित्र किती लहान करायचे त्याचा आकडा देतो.